पाचव्या फेरीला ब्रेकचं पेडल खाली जातं, थंड झाल्यावर परत वर येतं: कुठून तपासायला सुरुवात करायची?

रेस ट्रॅकवर गाडी चालवून आलेल्यांची तक्रार दर वेळी जवळपास त्याच शब्दांत येते. "पहिल्या तीन-चार फेऱ्या झकास गेल्या. पाचवीला लांब सरळ पट्टा संपताना ब्रेक दाबला आणि पाय नुसता खालीच गेला. कशीबशी वळवली. पिटमध्ये आणून अर्धा तास उभी केली आणि पुन्हा दाबून बघतो तर पेडल एकदम कडक! घरी येईपर्यंत काहीच त्रास नाही. आता काय बदलू?"

स्वतःच्या गाडीवर आणि ट्रॅक डेला (आपली गाडी ट्रॅकवर चालवायच्या दिवशी) भेटलेल्या मित्रांच्या गाड्यांवर हा दोष मी इतक्या वेळा निस्तरलाय की तक्रार अर्धी ऐकूनच हात टूलबॉक्सकडे जातो. बहुतेक वेळा उत्तर ब्रेक ऑइलच्या एका डब्यात असतं, आणि गाडीवाला मात्र मोठ्या डिस्कचा किट मागवून बसलेला असतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. हसत नाही कुणाला, मीही तेच केलं होतं. मोठे चार पिस्टनचे कॅलिपर (चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कवर घासणारे पॅड दाबणारा चिमटा), मोठ्या डिस्क, सगळं बसवलं, आणि पुढच्याच ट्रॅक डेला सहाव्या फेरीत पेडल परत खाली. नवे कॅलिपर बसवताना गॅरेजवाल्याने पुढच्या दोन चाकांच्या ब्रेक पाइपांमधली हवा तेवढी काढली होती. बाकी पाइपांमध्ये दोन वर्षांचं जुनं ऑइल तसंच होतं, आणि ते जुनं आहे का हे मी विचारलंही नव्हतं.

आधी लक्षणं नीट ओळखा

"ब्रेक गेले" एवढ्यावरून काही कळत नाही. त्या क्षणी पायाला काय लागलं ते आठवा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं.

- पेडल लांब आणि मऊ, भिजलेल्या स्पंजवर पाय दिल्यासारखं. भराभर दोन-तीनदा पंप केलं की थोडं वर येतं. गाडी थंड झाली की जणू काही झालंच नव्हतं. याचा अर्थ ब्रेक ऑइल उकळलंय, किंवा पाइपात हवा आहे.
- पेडल टणक, नेहमीच्याच जागी, पण कितीही जोर लावला तरी गाडी ओढली जात नाही. सोबत जळका, नाकात झोंबणारा वास. इथे ऑइलचा संबंध नाही, पॅडचं तापमान त्याच्या कुवतीबाहेर गेलंय.
- पहिल्या दाबाला पेडल खोल, पण लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर आणि कडक. विशेषतः कर्बवरून (वळणाच्या कडेच्या उंच पट्टीवरून) गाडी उडाली किंवा लागोपाठ वळणं झाली की. वळताना डिस्क किंचित कलते आणि पॅडला मागे ढकलते, त्याचा हा प्रकार.
- पाय एकसारखा धरून ठेवला तर पेडल हळूहळू, सावकाश खाली बसत जातं. थंड गाडीतसुद्धा. हे सगळ्यात वाईट लक्षण: मास्टर सिलिंडरचं (पेडलचा जोर ऑइलवर देणाऱ्या सिलिंडरचं) सील गेलंय, नाहीतर कुठेतरी गळतंय.

पाचवं लक्षण म्हणजे थरथर. ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग हलतं. लोक लगेच "डिस्क वाकडी झाली" म्हणतात. बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसते, तिच्यावर पॅडचा माल एका जागी जास्त चिकटलेला असतो. तो विषय थोडा वेगळा, पण त्याचं मूळ गाडी पार्क करण्याच्या सवयीत आहे आणि तिथे पुढे आपण येऊच.

ट्रॅकवर असतानाच पेडल गेलं तर: भराभर पंप करा, गिअर एकेक करून खाली आणा, आणि वळण घेण्याचा हट्ट सोडून सरळ रन-ऑफमध्ये (ट्रॅकबाहेरच्या मोकळ्या जागेत) जायची तयारी ठेवा. वेगात हँडब्रेक खेचू नका, मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरते. पेडल परत आलं तरी ते सत्र तिथेच संपलं असं धरा. "आणखी एक फेरी बघू" म्हणणाऱ्यांच्या गाड्या मी वाळूतून ओढून काढल्यात.

रस्त्यावर का होत नाही, ट्रॅकवरच का होतं

१,४०० किलोची गाडी २०० किमी वेगावरून ८० वर आणायची तर ब्रेकना सुमारे १८ लाख ज्यूल ऊर्जा गिळावी लागते. जवळजवळ सहा लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत न्यायला लागते तेवढी, आणि ती चार-पाच सेकंदांत. शहरात ६० वरून थांबताना याचा जेमतेम नववा भाग लागतो. या उष्णतेचा मोठा वाटा, साधारण सत्तर टक्के, पुढच्या दोन चाकांवर येतो. पुढची डिस्क दहा किलोची धरली तर अशा एका दाबात ती सव्वाशे-दीडशे अंशांनी तापते. पुढच्या वळणापर्यंत ती तेवढी थंड झाली नाही, की दर फेरीला शिल्लक वाढत जाते. डिस्ककडून पॅडला, पॅडकडून पिस्टनला आणि पिस्टनच्या मागे उभ्या असलेल्या ऑइलला. पाचवी फेरी येते ती अशी.

द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. कॅलिपरमध्ये चमचाभर वाफ झाली तरी पायाचा सगळा प्रवास ती दाबण्यात खर्च होतो. थंड झाल्यावर वाफेचं परत द्रव होतं, म्हणून घरी तपासताना काही सापडत नाही. गॅरेजवाला म्हणतो, "साहेब, ब्रेक तर एकदम ओके आहेत." आणि तो खोटं बोलत नसतो.

तपासणी १: फुकटात, दहा मिनिटांत

आधी बॉनेट उघडा. ब्रेक ऑइलच्या डबीत पातळी किती आहे? पॅड झिजतात तशी पातळी थोडी उतरते, ते ठीक. पण पॅड नवे असून पातळी किमान खुणेजवळ असेल तर ऑइल कुठेतरी बाहेर जातंय. चारही चाकांच्या आतल्या बाजूला, होस पाइपच्या सांध्यांवर आणि निपलच्या (कॅलिपरवरच्या हवा काढायच्या तोंडाच्या) टोपीखाली बोट फिरवा. ओलसर, तेलकट, पाण्याने धुतलं जाणारं काही लागलं तर ते ब्रेक ऑइल. गळती सापडली तर पुढची एकही तपासणी करू नका, गाडी उभी करा.

मग पायाशी बघा. जाडा फ्लोअर मॅट पेडलखाली सरकलेला मी दोनदा पाहिलाय. ट्रॅकवर मॅट काढूनच ठेवायचे असतात.

चाकाच्या आऱ्यांमधून पॅडची जाडी बघा, पण बाहेरच्या पॅडवर विश्वास ठेवू नका. सरकत्या कॅलिपरमध्ये पिस्टन आतल्या बाजूला असतो आणि बहुतेक वेळा आतला पॅड आधी संपतो. त्यासाठी चाक काढावंच लागतं. चाक काढलंय तर डिस्कही बघून घ्या: पृष्ठभागावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा चालतात, पण एखादी चीर नखाला अडकत असेल, कडेपर्यंत पोचली असेल, किंवा भोकांच्या डिस्कमध्ये एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत गेली असेल, तर ती डिस्क भंगारात. डिस्कवरच किमान जाडी कोरलेली असते. तिच्या खाली गेलेली डिस्क उष्णता साठवू शकत नाही, मग बाकी काहीही बदला.

तपासणी २: चालवण्याची सवय

यालाही खर्च नाही, पण अहंकाराला थोडा त्रास होतो. नवशिका चालक वळण लांब दिसलं की आधीपासून हलका ब्रेक धरून ठेवतो. त्याला वाटतं आपण ब्रेकची काळजी घेतोय. ऊर्जा तेवढीच जिरवायची असते, वर पॅड डिस्कला जास्त वेळ घासून असतात आणि मधल्या वाऱ्याने थंड व्हायला वेळ उरत नाही. उशिरा, जोरात आणि थोडा वेळ दाबा, मग पाय पूर्ण उचला.

दुसरं, स्टॅबिलिटी कंट्रोल. आजच्या बऱ्याच गाड्या वळणात आतलं चाक स्वतःहून ब्रेक करून गाडीला वळवतात किंवा सुटणारं चाक आवरतात. तुमचा पाय ब्रेकवर नसतानाही ब्रेक तापत असतात. मागचे पॅड पुढच्यांच्या आधी संपले, तर पहिला संशय इकडे घ्या. पण म्हणून नवख्या माणसाने ते पूर्ण बंद करावं असं मी म्हणणार नाही. गाडीत ट्रॅक मोड असेल तर तो वापरा आणि फेऱ्या कमी करा.

तिसरं, शेवटची फेरी. प्रत्येक सत्राची शेवटची फेरी ब्रेकला शक्यतो हात न लावता, वाऱ्यावर गाडी थंड करत काढायची. पिटमध्ये थांबल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, गिअरमध्ये टाकून चाकाला लाकडी ठोकळा लावायचा. पाय पेडलवर ठेवून गप्पा मारत बसायचं नाही. तापलेला पॅड एका जागी दाबून राहिला की त्याचा माल डिस्कवर शिक्क्यासारखा उमटतो, आणि वर म्हटलेली थरथर इथून सुरू होते. दोन-तीन मिनिटांनी गाडी फूटभर पुढे ढकलली तर आणखी चांगलं.

तपासणी ३: ब्रेक ऑइल

दहातली सात-आठ प्रकरणं माझ्याकडे इथे मिटतात, म्हणून यावर जरा जास्त बोलतो.

नेहमीचं ब्रेक ऑइल ग्लायकॉलवर आधारलेलं असतं आणि ते हवेतली आर्द्रता शोषतं. डबीच्या झाकणातून, रबरी होसच्या भिंतीतूनसुद्धा. ते मुद्दाम तसं असतं: पाणी ऑइलात मिसळून गेलं नाही तर कॅलिपरमध्ये थेंब साचून आत गंज धरेल. पण त्याची किंमत उत्कलनबिंदूत मोजावी लागते. ऑइलच्या प्रती डॉटच्या आकड्याने ओळखतात. डॉट ३ नव्याने किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी शोषल्यावर १४० ला. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. डॉट ५.१ चे २६० आणि १८०. इथे "पाणी शोषल्यावर" म्हणजे साधारण ३.७ टक्के पाणी, आणि हे सगळे अमेरिकी मानकातले किमान आकडे आहेत. रेसिंगसाठीची चांगली ऑइलं नव्याने ३०० च्या वर जातात.

आता विचार करा, दोन पावसाळे खाल्लेलं डॉट ४ घेऊन तुम्ही ट्रॅकवर गेलात. कॅलिपरमधलं ऑइल १६०-१७० ला पोचायला पाच फेऱ्या खूप झाल्या.

रंगावरून ठरवू नका. काळं ऑइल जुनं असतं हे खरं, पण स्वच्छ सोनेरी ऑइलातही पाणी असू शकतं. पेनासारखं टेस्टर मिळतं, ते विजेच्या वहनावरून अंदाज देतं. माझा त्यावर फारसा भरवसा नाही. मी सरळ तारीख बघतो. ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीत वर्षातून एकदा पूर्ण ऑइल बदल, आणि प्रत्येक ट्रॅक डेच्या आधी चारही कॅलिपरमधलं थोडं थोडं जुनं ऑइल काढून ताजं पुढे आणणं. एकदा उकळलेलं ऑइल तर लगेच काढायचंच, थंड झाल्यावर पेडल कितीही छान वाटो.

दोन सावधगिरी. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, नाव डॉट ५.१ सारखं असलं तरी जात वेगळी. ते ग्लायकॉलमध्ये मिसळत नाही आणि एबीएस असलेल्या गाडीत ते घालूच नये. आणि रेसिंगचं ऑइल म्हणजे एकदा भरलं आणि विसरलं असं नाही. त्यातली बरीचशी पाणी पटकन शोषतात. डबा फोडून सहा महिने कपाटात ठेवलेलं अर्धं ऑइल पुढच्या वेळी वापरू नका.

तपासणी ४: हवा नीट काढली होती का

ऑइल बदललं तरी पेडल मऊ? मग हवा राहिली. दोघं लागतात आणि शब्द ठरलेले लागतात. आत बसलेला सावकाश पेडल दाबतो आणि म्हणतो, "धरलं." चाकाशी बसलेला निपल पाव वळण सैल करतो. पारदर्शक नळीतून ऑइल सुटतं, पेडल खाली जातं, पण आतला पाय उचलत नाही. निपल बंद होतो, मग बाहेरचा म्हणतो, "सोड." "सोड" ऐकण्याआधी पाय उचलला की बाहेरची हवा निपलच्या आट्यांतून परत आत. नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलात बुडलेलं हवं. डोळा नळीवर ठेवा: आधी मळकट ऑइल, मग मण्यांच्या माळेसारखे बुडबुडे, मग एखादा चुकार बुडबुडा, मग स्वच्छ धार. कॅलिपरला रबरी हातोडीने हलके टोले द्या, भिंतीला चिकटलेले बारीक बुडबुडे सुटतात.

डबीतलं ऑइल मध्येच संपू देऊ नका. संपलं तर हवा एबीएसच्या युनिटमध्ये जाते आणि ती घरी निघत नाही. चाकांचा क्रम सगळ्या गाड्यांचा एक नसतो, मॅन्युअल बघा. क्लचही त्याच डबीतून चालत असेल तर त्याचीही हवा काढा.

एक गोष्ट जी मी कुणाला शिकवत नाही असं होत नाही: पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवा. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरच्या आतलं सील एका ठराविक पट्ट्यातच फिरतं. त्याच्या पलीकडचा भाग जुन्या गाडीत गंजलेला, खरखरीत असतो. हवा काढताना पेडल तळापर्यंत नेलं की सील त्या खरखरीत भागावरून घासून फाटतं. आलेला दोष काढायला बसलात आणि नवा लावून उठलात.

एकदा एका मित्राच्या गाडीतून आम्ही दीड लिटर ऑइल काढलं तरी पेडल स्पंजच. शेवटी मी खाली वाकून नुसता बघत बसलो आणि लक्षात आलं की निपल कॅलिपरच्या खालच्या टोकाला आहे. कॅलिपर दुरुस्त करून परत बसवताना डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे गेला होता. हवा वर साचते, निपल खाली. आयुष्यभर काढली असती तरी निघाली नसती.

ब्रेक ऑइल गाडीच्या रंगावर सांडलं तर पुसू नका, लगेच पाण्याने धुवा. रंग उठतो.

तपासणी ५: पॅड, त्यांची जाडी आणि सरकणाऱ्या पिना

टणक पेडलवाल्या लक्षणाचं मूळ इथे. रस्त्यावरचे पॅड साडेतीनशे-चारशे अंशांच्या पुढे पकड सोडायला लागतात. ट्रॅकचे पॅड त्याच्या बरेच वर काम करतात, पण थंडीत ते आवाज करतात, डिस्क खातात आणि सकाळी पहिल्या दाबाला हवे तसे धरत नाहीत. रोज वापरायच्या गाडीत मी ट्रॅक डेच्या आदल्या दिवशी पॅड बदलतो आणि परतल्यावर पुन्हा जुने बसवतो. तासाभराचं काम. फक्त दोन्ही जातींचे पॅड एकाच डिस्कवर आलटून पालटून वापरताना प्रत्येक वेळी ते नव्याने तापवून डिस्कशी जुळवून घ्यावे लागतात.

नवे पॅड थेट ट्रॅकवर तापवले तर त्यातला बाइंडर (माल बांधून ठेवणारा पदार्थ) वायू सोडतो आणि पॅड डिस्कवर तरंगल्यासारखा होतो. "नवे पॅड टाकले तरी ब्रेक लागत नाही" ही तक्रार म्हणजे बहुधा हेच. पॅड बनवणाऱ्याने दिलेल्या पद्धतीने त्यांना टप्प्याटप्प्याने तापवून, मग पूर्ण थंड करून घ्या.

मऊ पेडलशीही पॅडचा संबंध आहे, आणि तो लोकांच्या लक्षात येत नाही. पॅडचा माल हाच डिस्क आणि पिस्टन यांच्यामधला पडदा. तो अर्धा झिजला की उष्णता ऑइलपर्यंत लवकर पोचते. मागच्या वेळी त्याच ऑइलवर, त्याच ट्रॅकवर सगळं ठीक होतं आणि या वेळी नाही, तर जाडी मोजा. अर्ध्याहून कमी माल उरलेले पॅड घेऊन मी ट्रॅकवर जात नाही.

सरकत्या कॅलिपरच्या पिना हाताने मागेपुढे सरकवून बघा. अडकलेली पिन असेल तर एकच पॅड सगळं काम करतो, तो तिरका झिजतो, आणि तिरका पॅड दाबला की आधी कॅलिपर वाकतो. पायाला ते लांब पेडल म्हणूनच जाणवतं. पिना साफ करून ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावा. साधं ग्रीस रबर फुगवतं. पिस्टनभोवतीचं धुळीचं रबर जळून कडक झालंय का तेही बघा. जळलं असेल तर कॅलिपर किती तापतो याचा तो पुरावाच आहे.

तपासणी ६: पहिला दाब खोल, दुसरा कडक

ही खूण असेल तर ऑइलवर आणखी एक पैसा घालवू नका. मी एका गाडीत तीनदा ऑइल बदलल्यावर शहाणा झालो. गाडी जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा, चाक घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून आळीपाळीने ढकला-ओढा. निरोगी बेअरिंगमध्ये काहीच लागत नाही. खराब असेल तर मनगटाला एक छोटंसं "टक" जाणवतं, ऐकू येण्याआधी जाणवतं. मग डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं सुईचं मापक) लावून डिस्क फिरवा. बहुतेक गाड्यांमध्ये डोलण्याची मर्यादा एक दशांश मिलिमीटरच्या आतच असते, नक्की आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. डिस्क बदलताना हबवरचा (डिस्क आणि चाक ज्यावर बसतं त्या भागावरचा) गंज तारेच्या ब्रशने घासला नसेल, तर नवी कोरी डिस्कही डोलते. गंजाचा एक पापुद्रा पुरतो.

बेअरिंग बदलेपर्यंतचा उपाय: सरळ पट्ट्यावर, ब्रेकिंगच्या जागेच्या बऱ्याच आधी डाव्या पायाने पेडलला हलकी टिचकी. पॅड परत जागेवर येतात. काही गाड्यांमध्ये हब मुळातच लवचीक असतो, तिथे ही सवय कायमचीच लावून घ्यावी लागते.

तपासणी ७: वारा

इथपर्यंत सगळं बरोबर, ताजं रेसिंग ऑइल, जाडे पॅड, तरी आठव्या-दहाव्या फेरीला पेडल मऊ. आता उष्णता खरोखरच जास्त आहे. पण अंदाजाने काही विकत घेण्याआधी मोजा. डिस्कच्या कडेला लावायचे तापमानाचे रंग मिळतात: हिरवा ४३० अंशांना बदलतो, नारिंगी ५६० ला, लाल ६१० ला. कॅलिपरवर चिकटवायच्या पट्ट्या मिळतात, त्या गाठलेलं सर्वोच्च तापमान दाखवतात. ऑइल किती सोसतंय ते या पट्ट्यांवरून कळतं.

हवेचा पाइप बंपरमधून आणायचा असेल तर त्याचं तोंड डिस्कच्या मधल्या भागाकडे हवं. डिस्कच्या आतल्या पंख्यासारख्या रचनेला हवा केंद्रातून मिळाली की ती बाहेर फेकते आणि दोन्ही बाजू सारख्या थंड होतात. नुसती एका बाजूवर हवा मारली तर एक तोंड थंड, एक गरम, आणि चिरा. वळलेल्या पाकळ्यांच्या डिस्क डाव्या-उजव्या वेगळ्या असतात, हेही बघून घ्या. पॅड आणि पिस्टन यांच्यामध्ये टायटॅनियमच्या पातळ पट्ट्या घालता येतात. टायटॅनियम लोखंडापेक्षा उष्णता फार कमी वाहून नेतं. स्वस्त आणि कामाची वस्तू आहे, फक्त तिच्यासाठी कॅलिपरमध्ये जागा आहे ना ते बघा.

स्टीलची जाळी असलेले होस लावले की पेडल जास्त नेमकं लागतं, हे खरं. पण ऑइल उकळण्यावर त्यांचा काहीही परिणाम नाही. जुने रबरी होस तडकले किंवा फुगत असतील तर बदला, बॅनजो बोल्टचे (होस कॅलिपरला जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) वॉशर नवेच घाला, आणि चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवून होस कुठे ताणत-घासत नाही ना ते बघा.

मोठे कॅलिपर या सगळ्यानंतर. त्यातही मोठ्या पिस्टनना जास्त ऑइल लागतं, म्हणजे मास्टर सिलिंडर तोच ठेवला तर पेडल आणखी लांब होतं, आणि पुढे-मागे ब्रेकची वाटणीही बदलते. हे गणित करून देणारा माणूस सोबत नसेल तर मोह आवरा.

इथे पाना खाली ठेवा

पेडल धरून ठेवल्यावर हळूहळू बसत असेल आणि बाहेर कुठेही गळती नसेल, तर मास्टर सिलिंडर. हे घरचं काम नाही, आणि अशी गाडी चालवत गॅरेजपर्यंतही नेऊ नका, टो करा.

नुसत्या टणक पेडलसाठी बूस्टर (पायाचा जोर वाढवून देणारा भाग) तपासणं सोपं आहे: इंजिन बंद ठेवून चार-पाचदा पंप करा, पाय धरून ठेवा आणि इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर ठीक. जागचं हललं नाही तर व्हॅक्युम पाइप किंवा बूस्टर, आणि पुढचं काम जाणत्या माणसाचं.

एबीएसच्या युनिटमध्ये हवा गेली असेल तर त्याचा पंप आणि व्हॉल्व्ह निदान-यंत्राने चालवावे लागतात. त्या गाडीला चालणारं यंत्र ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे जा. दाबून बसवायचे बेअरिंग, कॅलिपरच्या आतले सील, मेटलचे पाइप वाकवून बसवणं, हेही मी बाहेर देतो. बारा वर्षं हे करतोय तरी देतो. ब्रेकचा कुठलाही दिवा डॅशबोर्डवर लागलेला असेल तर ट्रॅकवर जाणं त्या दिवसापुरतं रद्द.

गॅरेजमध्ये गाडी देताना "ब्रेक बघा" म्हणू नका, नाहीतर ते घरापर्यंतचा रस्ता चालवून "ओके" लिहून परत देतील. एका कागदावर लिहून द्या: कितव्या फेरीला झालं, पेडल मऊ की टणक, दुसऱ्या दाबाला वर आलं का, थंड झाल्यावर किती वेळात परत आलं, ऑइल कुठलं आणि कुठल्या तारखेला भरलं, प्रत्येक चाकाच्या आतल्या-बाहेरच्या पॅडची जाडी किती. माझ्या गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये यासाठी एक छोटी वही असते, ऑइलचे डाग पडलेली. मागच्या वेळी बेअरिंगवाल्याने गाडीला हात लावण्याआधी ती वाचली आणि पुढचं उजवं चाक आधी काढलं.